धंद्याच्या घरातले मौन : साम्यवादी राजवटीत वाढलेल्या माणसाच्या आठवणी कशा टिपाव्यात

मुंबईतल्या मराठी घरांची सोयरीक आता पुणे-नाशिक-कोल्हापूरपुरती राहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी जाते, तिथेच लग्न जुळते, आणि एखाद्या डिसेंबरात आपल्या दिवाणखान्यात चहा घेत बसलेले व्याही पोलंडचे, हंगेरीचे, व्हिएतनामचे किंवा चीनचे निघतात. वयाने ते आपल्याएवढेच असतात, आपल्यासारखेच गुडघ्यांची तक्रार करतात. परंतु त्यांच्या वडिलांनी ज्या काळात दुकान किंवा छोटा कारखाना चालवला, त्या काळात तिथे खासगी धंदा हा चांगल्या दिवसांत जेमतेम खपवून घेतला जाणारा आणि वाईट दिवसांत गुन्हा ठरणारा प्रकार होता. अशा माणसाच्या बालपणाच्या आठवणी लिहून ठेवायच्या असतील, तर कोणती तयारी करावी, काय विचारावे आणि मिळालेली माहिती कशी तपासावी, हे मी तीन हिवाळ्यांत माझ्या व्याह्यांच्या समोर बसून शिकलो. त्यातले बरेचसे चुका करूनच शिकलो.

माझे व्याही पोलंडमधल्या वूच शहराजवळच्या एका लहान गावात वाढले. नकाशावरची अक्षरे वाचून आपण या शहराला लॉड्झ म्हणतो. त्यांच्या घरी स्वेटर विणण्याची हातयंत्रे होती. वूच हे कापडगिरण्यांचे शहर, आणि मी लालबागचा, त्यामुळे आमचे लगेच जुळेल असा माझा समज होता. पहिल्या संध्याकाळी वही-पेन घेऊन मी त्यांना सरळ विचारले, की साम्यवादी राजवटीत व्यावसायिकाच्या घरात वाढणे कसे होते. त्यांनी थोडा विचार केला, खांदे उडवले आणि एक शब्द उच्चारला, ज्याचा अर्थ सुनेने सांगितला : ‘नेहमीसारखेच.’ मुलाखत तिथेच संपली. प्रश्न चुकीचा होता, कारण त्या प्रश्नातली ‘राजवट’ ही माझी होती. त्यांच्यासाठी ते फक्त घर होते.

आपण कुठे बसून ऐकतो आहोत

म्हणून पहिली तयारी स्वतःची करावी लागते. गिरणगावात वाढलेल्या माणसाच्या मनात साम्यवादाचे एक ठरलेले चित्र असते. १९२८ च्या संपातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन, कॉम्रेड डांग्यांची भाषणे, मे महिन्यातल्या मिरवणुका हे सगळे आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात रोजचे होते. आमची पिठाची गिरणी होती आणि आमचे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक कापडगिरणीत कामाला होते. त्यामुळे लाल बावटा म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांचा झेंडा, इतके साधे ते समीकरण होते. तो झेंडा सत्तेवर आल्यावर एखाद्या दुकानदाराच्या पोराला शाळेत काय वाटत असेल, हा विचार आमच्याकडे कोणी केलेला नव्हता, कारण करण्याची वेळच आली नव्हती. ऐकणाऱ्याने हे स्वतःशी कबूल करून बसावे. समोरचा माणूस आपल्या गिरणगावाविरुद्ध साक्ष देत नाही, तो त्याच्या गावाची हकीगत सांगतो आहे, हे ध्यानात राहिले की मध्येच वाद घालण्याची खुमखुमी आवरता येते.

दुसरा अडथळा याच्या उलट दिशेने येतो. ‘आमच्याकडेही परवाना राज होते, आमच्याकडेही रेशनच्या रांगा होत्या’ असे आपण फार लवकर म्हणतो. रांगा खऱ्याच होत्या. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला तांबडा मिलो आमच्या जात्यातून किती गेला, याचा हिशेब नाही, आणि त्या पिठाचा वास मला आजही ओळखता येईल. तरीही हे वाक्य पहिल्या तासाभरात उच्चारू नये. आपल्याकडे साखरेला परवाना लागत असला, तरी पिठाच्या गिरणीचा मालक असणे हा मुलाच्या नावापुढचा डाग नव्हता. तुलना करायचीच असेल तर ती वहीच्या मागच्या पानावर करावी आणि सांगणाऱ्याला आधी त्याचे पूर्ण सांगू द्यावे.

देश आणि वर्ष

‘साम्यवादी राजवट’ या दोन शब्दांत इतके वेगवेगळे कायदे आणि इतके वेगवेगळे दशक दडलेले असतात, की देश, गाव आणि वर्ष यांची जुळणी केल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नये. भेटीच्या आधी एका कोऱ्या पानावर दोन रकाने करावेत. एका रकान्यात त्या माणसाच्या आयुष्यातली वर्षे लिहावीत, म्हणजे जन्म, शाळेत जाणे, वडिलांनी धंदा सुरू करणे वा बंद करणे, लग्न. आणि दुसऱ्या रकान्यात त्या देशातल्या धंद्यावरच्या बंधनांची वर्षे लिहावीत. हे पान पुढे सगळ्या मुलाखतींत कामाला येते.

पोलंडचेच पाहावे. तिथे १९४७ मध्ये हिलारी मिन्त्स या मंत्र्याने ‘व्यापाराची लढाई’ पुकारली आणि काही वर्षांतच बहुतेक खासगी दुकाने दिसेनाशी झाली. १९५६ मध्ये राजकीय वारे बदलले, तेव्हा कारागिरांना पुन्हा थोडी मोकळीक मिळाली. माझ्या व्याह्यांच्या वडिलांनी पहिले यंत्र घेतले ते १९५७ मध्ये, हा योगायोग नव्हता. पोलंडमधली बहुतांश शेतजमीनही अखेरपर्यंत खासगी शेतकऱ्यांकडेच राहिली. शेवटी २३ डिसेंबर १९८८ ला मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी १९८९ पासून कोणालाही जवळजवळ कोणताही धंदा करण्याची मुभा दिली, आणि त्या वेळी तिथे सरकार अजून साम्यवादी पक्षाचेच होते.

शेजारच्या चेकोस्लोव्हाकियात १९४८ नंतर अशी फट जवळपास उरलीच नाही. पूर्व जर्मनीत बेकरी, न्हावी, नळदुरुस्ती असे छोटे कारागीर टिकले, मात्र तोपर्यंत तग धरून राहिलेले सुमारे ११,००० खासगी आणि निमखासगी उद्योग १९७२ मध्ये एका फटक्यात सरकारजमा झाले. म्हणजे तिथल्या एखाद्याचे बालपण १९७१ पर्यंत मालकाच्या मुलाचे आणि १९७३ पासून त्याच कारखान्यातल्या पगारी व्यवस्थापकाच्या मुलाचे असू शकते. घर तेच, फाटक तेच, फक्त दारावरची पाटी बदललेली. क्यूबात १९६८ च्या मार्चमध्ये पन्नास हजारांहून अधिक छोटे धंदे बंद करण्यात आले, आणि त्यांत रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या टपऱ्याही आल्या. दक्षिण व्हिएतनाममध्ये ही तारीख २३ मार्च १९७८ आहे, आणि मोकळीक मिळाली ती १९८६ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सुधारणांनंतर.

चीनच्या बाबतीत तर वर्षांची चूक फारच महागात पडते. तिथले कारखानदार १९५६ मध्ये सरकारचे ‘भागीदार’ झाले आणि त्यांना त्यांच्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के ठरावीक व्याज मिळू लागले. सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा, म्हणजे १९६६ मध्ये, तेही थांबले. पुढे १९७८ नंतर एकेकट्याने धंदा करणाऱ्यांना परवानगी मिळाली, पण नोकर किती ठेवावेत यावर सातची मर्यादा होती : दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ. वूहू शहरात भाजलेल्या खरबुजाच्या बिया विकणाऱ्या नियान ग्वांगजिउ यांच्याकडे शंभरावर माणसे कामाला आहेत, हा प्रश्न थेट देशाच्या सर्वोच्च नेतृत्वापर्यंत पोहोचला होता, आणि त्यांना हात लावू नये असे तंग श्याओफिंग यांनी सांगितले. ‘आमच्याकडे सात माणसे होती’ असे एखादी चिनी विहीण सहज म्हणाली, तर त्या सात या आकड्यामागे काय आहे, हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. ठाऊक असले तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : आठवा कोण होता आणि त्याला भाऊ म्हणून दाखवत होता की भाचा म्हणून?

पहिला प्रश्न वस्तूचा

माझी पहिली मुलाखत फसल्यानंतर चार दिवस मी काहीच विचारले नाही. पाचव्या दिवशी आम्ही माथेरानला निघालो होतो, म्हणून माझ्या पत्नीने कपाटातून तिचा एकुलता एक स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. व्याह्यांनी तो उचलला, बाहीची कड उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला, मग खांद्याजवळची जोड दोन बोटांनी ताणून पाहिली आणि सुनेला काही तरी सांगितले. ती हसून म्हणाली, ‘बाबा म्हणतात, अंग यंत्रावर विणलेले आहे, पण जोडकाम हाताने केले आहे आणि करणारी बाई घाईत होती.’ त्यानंतर ते दोन तास बोलले. माथेरानची गाडी आम्ही सोडून दिली.

त्या दोन तासांत मला जे कळले, ते ‘राजवट’ या शब्दाने कधीच कळले नसते. कारागीर संघाकडून मिळणाऱ्या लोकरीच्या कोट्यात महिन्याचे निम्मेही काम भागत नसे. म्हणून त्यांची आई सरकारी दुकानातून सर्वांत मोठ्या मापाचे, कोणीही न घेतलेले स्वेटर विकत आणी, आणि शाळेतून आल्यावर आठ वर्षांच्या मुलाचे काम असे ते स्वेटर उसवण्याचे. उसवलेला धागा कुरळा असतो, तो तसाच यंत्रावर घातला तर टाके वेडेवाकडे पडतात. त्यामुळे त्याच्या लडी करून उकळत्या किटलीच्या वाफेवर धरायच्या, खाली वजन बांधून वाळवायच्या आणि मग कोनावर गुंडाळायच्या. त्याच लोकरीतून चालू फॅशनचा स्वेटर तयार होई आणि मावशी तो सुटकेसमधून वॉर्साच्या रुझित्स्की बाजारात नेई. सरकारने ठरवलेल्या किमतीत तयार स्वेटर मिळतो पण लोकर मिळत नाही, या एका गोष्टीत त्या देशाची अर्थव्यवस्था जितकी दिसते, तितकी ती पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांत दिसत नाही.

म्हणून सुरुवात वस्तूने करावी. धंदा कोणता होता हे आधी कळले असेल, तर त्या धंद्याशी नाते असलेली एखादी वस्तू हाताशी ठेवावी : बेकरीवाल्याच्या मुलासमोर पाव, घड्याळदुरुस्ती करणाऱ्याच्या मुलीसमोर बंद पडलेले मनगटी घड्याळ, शिंप्याच्या घरातल्या माणसासमोर कात्री. मग विचारावे, की कच्चा माल कुठून येई, तो घरात कुठे ठेवत, मुलांच्या वाट्याला कोणते काम येई, तयार माल कोण नेई आणि रिकाम्या हाताने परत आले तर घरात काय होई. विशेषणे मागणारे प्रश्न, म्हणजे ‘भीती वाटायची का’, ‘अन्याय वाटायचा का’, हे शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावेत. बहुतेक वेळा ते विचारण्याची गरजच उरत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मोबाइल पुरतो, मात्र तो टेबलावर न ठेवता घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवावा, आणि मुंबईत दुपारी दोन ते चार हीच काय ती वेळ, जेव्हा कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी आणि वरच्या मजल्यावरचे ड्रिल यांपैकी निदान दोन तरी बंद असतात.

दोन प्रकारचे मौन

या सगळ्या कामातला सर्वांत कठीण आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मौनाचा आहे. धंदा करणाऱ्या घरातली मुले, मग ती जगात कुठलीही असोत, गप्प राहायला शिकतात. आमच्या गिरणीत येणाऱ्या दळणाच्या डब्यांवरून कोणाच्या घरी गहू शिजतो, कोणाकडे रेशनची ज्वारी आणि कोणाकडे महिन्याच्या शेवटी डबाच येत नाही, हे मला दहाव्या वर्षी पाठ होते. आईची सक्त ताकीद होती, की यातले एक अक्षर शाळेत बोलायचे नाही. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा उधारीची वही जाड होत गेली आणि ही ताकीद आणखी कडक झाली. ते मौन गिऱ्हाइकाची अब्रू आणि धंद्याची घडी यांच्यासाठी होते. त्यात सरकारचा संबंध नव्हता.

व्याह्यांच्या घरीही ‘हे बाहेर बोलायचे नाही’ अशा गोष्टींची एक यादी होती, आणि त्यांनी ती मला एका दमात सांगितली : आठवड्याला किती स्वेटर होतात, लोकर कुठून येते, घरात मांस किती वेळा शिजते, मावशी वॉर्साला का जाते, आजोबांचे दुकान कुठे होते. ऐकताना मी ही सगळी यादी ‘दडपशाही’ या एकाच मथळ्याखाली लिहून मोकळा झालो होतो. रात्री वही चाळताना लक्षात आले, की यातली पहिली गोष्ट माझ्या आईनेही मला सांगितलीच असती. धंद्याची उलाढाल शेजारच्या विणकराला कळू नये, इतकाच त्याचा अर्थ होता. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक बाबीसाठी एकच प्रश्न विचारला, आणि हा प्रश्न कोणीही, कोणत्याही देशातल्या माणसाला विचारावा, अशी माझी शिफारस आहे : ‘हे तुम्ही बाहेर बोलला असता, तर कोण रागावले असते, वडील, शेजारी की शाळा?’

उत्तरे वेगवेगळी निघाली. आठवड्याच्या स्वेटरांची संख्या फोडली असती तर फक्त वडील रागावले असते. मांसाचा प्रश्न शेजाऱ्यांचा होता. पोलंडमध्ये १९७६ मध्ये साखरेला आणि १९८१ मध्ये मांसाला कुपने आली, आणि ज्याच्याकडे स्वेटर आहेत त्याला खाटकाकडून काउंटरखालून काही ना काही मिळते, हे सगळ्यांना माहीत असूनही ते दिसू देणे असभ्यपणाचे होते. ‘काउंटरखालून’ यासाठी पोलिश भाषेत ‘स्पोद लादी’ असा शब्दप्रयोग आहे. तो ऐकून माझ्या पत्नीला लादीखाली मांस पुरल्याचे दृश्य दिसले, ते निराळे. लोकर कुठून येते, हा प्रश्न मात्र पोलिसांचा आणि कर कार्यालयाचा होता. आणि आजोबांच्या दुकानाबद्दल कोण रागावले असते, असे विचारल्यावर व्याही बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘कोणीच नाही. पण आई रडली असती.’ म्हणजे धंद्याचे मौन आणि राजवटीचे मौन असे दोन रकाने पुरले नाहीत, तिसरा करावा लागला.

शाळेचा रकाना स्वतंत्रपणे भरून घ्यावा. ‘वडिलांचा व्यवसाय’ या चौकटीत काय लिहिले जाई, ते शब्दशः विचारावे. हंगेरीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वर्गशत्रूंच्या मुलांपुढे ‘एक्स’ हे अक्षर लागत असे. चीनमध्ये घराचा वर्ग ही अर्जातली कायमची नोंद होती. पोलंडमध्ये विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत कामगार आणि शेतकरी घरांतल्या मुलांना जादा गुण मिळत. हे ऐकताच आपल्याकडचा श्रोता आरक्षणावर घसरतो. तसे करू नये. शेकडो वर्षांच्या जातिबहिष्कारावरची भरपाई आणि कालच्या दुकानदाराच्या मुलावरची शिक्षा यांना एका तराजूत घातले, की दोन्हीबद्दलची समज बिघडते. व्याह्यांच्या वडिलांनी त्या चौकटीत ‘कारागीर’ लिहायला शिकवले होते. शब्द खोटा नव्हता, पण वर्गातल्या मुलांना खरा शब्द माहीत होता आणि ते तोच वापरत.

दुभाषी आणि शब्द

तो खरा शब्द ‘प्रिव्हाचाश’ असा आहे. त्याचा कोशातला अर्थ खासगी धंदा करणारा माणूस एवढाच, पण बोलण्यात त्याला हेव्याची आणि तुच्छतेची फोडणी असते. चकचकीत गाडी, बायकोच्या अंगावर फरकोट आणि हात कायम तेलकट, असे काहीसे चित्र त्यामागे असते. एका मुद्रणाचा उतारा मी पैसे देऊन एका व्यावसायिक भाषांतरकाराकडून करून घेतला, तर त्यात हा शब्द जिथे जिथे आला तिथे ‘उद्योजक’ असे छापून आले. शिवीचा सत्कार झाला. तेव्हापासून मी असे शब्द मूळ उच्चारातच ठेवतो आणि पहिल्यांदा येतात तिथे मराठीत एका वाक्याने उलगडतो.

याच जातीचा दुसरा सापळा ‘स्पेक्युलेशन’ या शब्दात आहे. रशियाच्या १९६० च्या फौजदारी संहितेतल्या १५४ व्या कलमाखाली हा गुन्हा होता. मराठीत आपण त्यासाठी ‘सट्टा’ किंवा ‘साठेबाजी’ लिहितो आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणी तरी काळे धंदे करणारा शेठ उभा राहतो. त्या कलमात गुन्हा होता तो नफ्यासाठी माल विकत घेऊन पुन्हा विकण्याचा, आणि हे तर दाणाबंदरावरचा प्रत्येक व्यापारी सकाळी दुकान उघडल्यापासून करत असतो. त्याला आपण व्यापार म्हणतो. तेव्हा एखाद्या रशियन व्याह्यांचे काका ‘साठेबाजीसाठी’ तुरुंगात गेले, असे लिहिण्यापूर्वी त्यांनी नेमके काय विकले होते, हे विचारून तेच लिहावे.

दुभाषी म्हणून घरातलेच माणूस बसवण्याचे फायदे उघड आहेत, तोटे हळूहळू कळतात. माझी सून हुशार आहे, तिने गेल्या वर्षी बरेच मराठीही शिकून घेतले, पण तिचे वडील चार मिनिटे बोलत आणि ती म्हणे, ‘ते म्हणतात, तेव्हा कठीण होते.’ ती लपवत नव्हती. वडिलांना ती सांभाळत होती, आणि काही गोष्टी ती स्वतः पहिल्यांदाच ऐकत होती. आमच्यापुरता तोडगा असा निघाला, की जागच्या जागी फक्त सारांश घ्यायचा, मूळ बोलणे पूर्ण मुद्रित करायचे, आणि आठवड्याने ती एकटी बसून वाक्यागणिक मजकूर सांगेल तेव्हा लिहून घ्यायचे. आजोबांच्या दुकानाची हकीगत तिने अशीच, बाल्कनीत एकटीने बसून मला सांगितली. अटक, जप्ती, चुगली यांविषयीचे प्रश्न मात्र मुलीच्या किंवा मुलाच्या तोंडून विचारू नयेत. त्यासाठी बाहेरचा दुभाषी शोधावा, नाही तर ते प्रश्न सोडून द्यावेत.

पैशांचे आकडे

धंद्याच्या घरातला माणूस आकडे अचूक सांगतो, आणि तरीही ते आकडे जसेच्या तसे उतरवणे धोक्याचे असते. पोलंडच्या चलनातून १ जानेवारी १९९५ ला चार शून्ये गेली, म्हणजे जुने १०,००० झ्वॉटी नव्या एका झ्वॉटीचे झाले. सोव्हिएत रूबलचे एक शून्य १९६१ मध्ये गेले, व्हिएतनामी डाँगचे १९८५ मध्ये. वर्ष न विचारता लिहिलेली किंमत म्हणूनच निरर्थक ठरते.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे काही चलनबदलांनी व्यापारी घरे मुद्दाम धुऊन काढली. पोलंडमध्ये १९५० च्या ऑक्टोबरात पगार आणि किमती १०० ला ३ या दराने बदलल्या, पण हातातली रोकड बदलून मिळाली ती १०० ला १ या दराने. ज्याचे सगळे पगारावर चालते त्याला फारसा फरक पडला नाही. ज्याची शिल्लक गादीखाली होती, त्याचे दोन तृतीयांश गेले. चेकोस्लोव्हाकियात १९५३ मध्ये माणशी पहिल्या ३०० क्राउनना पाचास एक असा दर मिळाला आणि त्यावरच्या रोकडीला पन्नासास एक. तेव्हा घरात पैसा कोणत्या रूपात ठेवत, हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा. डॉलर, सोन्याची नाणी, लोकरीचा साठा, शिवणयंत्रे, अशी उत्तरे येतात, आणि त्यांतून त्या घराला कोणत्या वर्षाचा चटका बसला होता ते ओळखता येते. आजच्या रुपयांत रूपांतर करण्याच्या भानगडीत पडू नये. एका स्वेटरचा भाव गिरणीतल्या कामगाराच्या किती दिवसांच्या पगाराएवढा होता, असे विचारले तर उत्तर तत्काळ मिळते आणि मराठी वाचकालाही ते लगेच उमजते.

करांबद्दल विचारताना ‘दोम्यार’ हा पोलिश शब्द कानी पडेल. कारागिराने ठरलेला कर भरल्यानंतरही, त्याची मिळकत दाखवल्यापेक्षा जास्त असावी असा अंदाज बांधून वरून लादलेली ही रक्कम असे, आणि एका दोम्यारने धंदा बसू शके. म्हणूनच नवी गाडी घेतलेला माणूस ती घरापासून दोन गल्ल्या दूर उभी करी.

कागदपत्रे आणि मसुदा

घरात जपलेले कागद पाहायला मागावेत, पण मुलाखतीच्या शेवटी, सुरुवातीला नव्हे. आधी कागद पुढे आला तर माणूस कागदाप्रमाणे बोलू लागतो. कारागिराचे प्रमाणपत्र, करभरणा पुस्तिका, कुपनांचे उरलेले तुकडे, कारखान्यासमोरचा एखादा फोटो, एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. फोटोत कोण आहे यापेक्षा फोटो कोणी काढला आणि कोणत्या दिवशी काढला, हे आधी विचारावे. जर्मनीत आणि पोलंडमध्ये गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली संबंधित माणसांना अर्ज करून पाहता येतात. पूर्व जर्मनीच्या फायली १९९२ पासून खुल्या आहेत. तसा अर्ज करावा की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्या माणसाचा. चुगली करणाऱ्याचे नाव म्हणून कदाचित सख्ख्या शेजाऱ्याचे नाव समोर येणार असते, आणि आपल्या वहीच्या हौसेपायी कोणाला तिकडे ढकलणे योग्य नव्हे.

मजकूर तयार झाला, की तो सांगणाऱ्याच्या भाषेत त्याला परत वाचून दाखवावा आणि त्याने काढायला सांगितलेला भाग काढावा. मी माझा चौदा पानी मसुदा सुनेकडून पोलिशमध्ये करून घेतला आणि तिसऱ्या हिवाळ्यात व्याह्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोन दिवस वाचला. एका ठिकाणी त्यांनी गावाचे अंतर दुरुस्त केले, एका ठिकाणी मावशीचे वय. दुसऱ्या पानावर, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, मी लिहिले होते की घरात तीन यंत्रे होती. तो आकडा तीन हिवाळ्यांत त्यांनी निदान पाच वेळा सांगितला होता, आणि करपुस्तिकेतही तीनच होता. त्यांनी त्यावर पेनाने काट मारली, वर चार लिहिले, आणि समासात बारीक अक्षरांत एक ओळ जोडली, जी सुनेने मला वाचून दाखवली : चौथे माळ्यावर, बटाट्यांच्या पोत्यांमागे, फक्त रात्री.